आमच्या खारी नावाच्या कुत्रीवर लेकासाठी गाणं करायचंय, पण मला ना गाता येतं ना कविता जमते. काय करू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेक पाच वर्षांचा होतोय, वाढदिवसाला तीन आठवडे आहेत, सोसायटीच्या पार्किंगमधून उचलून आणलेली खारी म्हणजे त्याचा जीव की प्राण, आणि त्याला तिच्यावरचं असं एक गाणं द्यायचंय जे फक्त त्याचं असेल. पैसे देऊन करून घ्यावं, एआयकडून करावं, की स्वतःच बसावं असं विचारलंय. सोबत तुम्ही केलेल्या दोन ओळी पण टाकल्यात:

खारी आमची छान छान
हलवते शेपूट, हलवते कान

मी मिरजेची, बरीच वर्षं बालवाडीत गाणी शिकवते आणि हे असलं माऊचं, भुभूचं, सशाचं, एकदा तर चक्क गोगलगायीचं गाणं करून देण्याचं काम पण करते. तेव्हा आधी स्पष्ट सांगते, राग मानू नका. या दोन ओळींना यमक आहे, ताल पण बरा आहे, फक्त ही खारी नाहीये. खारीच्या जागी शेजारच्यांचा ब्रूनो घाला, काही बिघडत नाही. शेपूट सगळेच हलवतात हो! मी गाणं झालं की हीच परीक्षा लावते, समोरच्या बिल्डिंगमधल्या कुत्र्याला ते चालत असेल तर अजून झालेलं नाही.

पण गंमत अशी की तुमचं गाणं तुम्ही प्रश्नातच लिहून बसलाय आणि तुम्हाला पत्ता नाही. शेवटी तुम्ही सहज जाता जाता लिहिलंय की खारी रोज आबांची डावी चप्पलच पळवते, उजवीला तोंड पण लावत नाही, आणि आबा एका पायावर उभे आणि लेक तिच्या मागे "खारी चप्पल दे" ओरडत घरभर. आणि त्याला र म्हणता येत नाही म्हणून तो तिला "खाली" म्हणतो. अहो हेच तर! "छान छान" कशाला शोधत बसलात, "खारी चप्पल दे" हे रेडीमेड धृपद आहे. ते वाक्य पोराचं स्वतःचं आहे, रोज दहा वेळा तो ते म्हणतोय, त्याला पाठ करावं लागणार नाही. माझा इतक्या वर्षांचा सगळा अनुभव इथंच येऊन थांबतो, प्राण्याचं वर्णन करायला जाऊ नका, मूल त्या प्राण्याला तोंडाने काय म्हणतं ते पकडा आणि त्यावर गाणं बांधा.

माझ्याकडे कुणी ऑर्डर घेऊन आलं की मी आईबाबांना "तुमचा कुत्रा कसा आहे" विचारतच नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं, खूप प्रेमळ आहे, खूप हुशार आहे. मी मुलाशी पाच मिनिटं बोलते. तो चोरून काय खातो? कशाला घाबरतो? तू रागावलास की काय करतो? कुठं झोपलेला चालत नाही पण झोपतोच? एका मुलीने सांगितलं होतं की आमची मनी कुकरची तिसरी शिट्टी झाली की पलंगाखालून बाहेर येते, कारण मग आई स्वयंपाकघरातून बाहेर येते. आता हे मी जन्मात सुचवू शकले असते का? आणि मुलं बोलत असताना फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, लिहून घेऊ नका, कारण नुसते शब्द नाही तर त्यांची बोलायची लय पण हवी असते. हाक मारताना मूल जो सूर लावतं ना, पहिलं अक्षर वर, दुसरं थोडं खाली, तो बहुतेक वेळा प आणि ग या स्वरांच्या आसपासच असतो. गल्लीत कुणी "आईऽऽ" करून हाक मारते ती ऐका, कळेल.

आता प्रत्यक्ष करूया. तुमच्या लेकाचं वाक्य घेऊन मी हे बांधलं:

खारी खारी चप्पल दे
आबांची ती डावी दे

का जमलं ते सांगते. शाळेत मात्रा मोजायला शिकवलेलं आठवतंय का, ह्रस्वाची एक, दीर्घाची दोन. खा-री-खा-री झाल्या आठ. चप्-पल-दे झाल्या सहा, आणि शेवटी दोन मात्रांची रिकामी जागा उरली. खालच्या ओळीत पण तसंच, आ-बां-ची-ती आठ, डा-वी-दे सहा, आणि रिकामी जागा. मांडीवर ठेका धरून म्हणा, एका ओळीला बरोब्बर आठ ठोके पडतात आणि आठवा ठोका मोकळा राहतो. म्हणजे तबलेवाल्यांचा आठ ठोक्यांचा केहरवा ताल, एका ओळीचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी. तो मोकळा ठोका फुकट गेला असं समजू नका, पाच वर्षांच्या पोराला श्वास घ्यायला जागा तिथंच मिळते. मोठी माणसं मुलांची गाणी लिहितात तेव्हा शब्द नुसते कोंबतात, मग पोरं ओळीच्या शेवटी धापा टाकतात नाहीतर शेवटचा शब्द गिळतात.

आणि नाव पहिल्याच ठोक्यावर आलंय, समेवर. नाव समेवर पडलं की मूल आपोआप जोर देऊन म्हणतं. नाव मधेच कुठंतरी घुसडलं की ते हरवतं.

चाल तुम्हाला येत नाही म्हणालात, येईल. घरात खेळण्यातला कॅसिओ नाहीतर पेटी असेलच, नसेल तर फोनवर पियानोचं फुकट ॲप घ्या. मधल्या सप्तकातली पांढरी एक, म्हणजे दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी, शोधा आणि तिथून पांढऱ्या पट्ट्यांना एक दोन तीन असे नंबर द्या. "खारी खारी" साठी पाच तीन पाच तीन. "चप्पल दे" साठी पाच सहा पाच. "आबांची ती" परत पाच तीन पाच तीन. "डावी दे" ला दोन दोन एक. झालं! एवढंच. सरगम येणाऱ्यांसाठी प ग प ग, प ध प, प ग प ग, रे रे सा. चारच्या पट्टीला हात लावायचा नाही, सातला पण नाही, म्हणजे भूप रागाचेच पाच स्वर झाले, त्यात बेसूर व्हायला जागा फार कमी. सगळ्यात वरचा सूर सहाव्या पट्टीवर थांबतो, एवढ्या वयाच्या मुलाला तो ओरडल्याशिवाय लागतो. आपल्याकडे होतं काय की आई स्वतःच्या सोयीच्या पट्टीत गाणं बसवते आणि मग ते पोराच्या गळ्याला बसत नाही, नाहीतर बाबा त्यांच्या खर्जात सुरू करतात आणि पोरगं नुसतं पुटपुटतं. गाणं मुलाचं आहे तर पट्टी पण मुलाचीच हवी.

मग कडवं. इथं मी चाल लावणारच नाही, नुसतं टाळ्यांवर बोलायचं, एकाने प्रश्न विचारायचा आणि एकाने उत्तर द्यायचं:

कुठे लपवली? सोफ्याखाली
आबा एका पायावरती

ज्यांना गाता येत नाही त्यांच्यासाठी ही सगळ्यात सोपी युक्ती आहे, धृपद गायचं आणि कडवं ठेक्यात बोलायचं. अर्धं गाणं बेसूर व्हायची भीतीच गेली. आणि तुमच्या लेकाच्या तोंडी खारीचं "खाली" झालंय ना, मग "सोफ्याखाली" म्हटल्यावर तो स्वतःच दचकून हसेल बघा, ते यमक मी केलेलं नाही, त्याच्या बोबड्या र ने केलंय. (केहरव्यात पाचव्या ठोक्याला पण खालीच म्हणतात, पण हा विनोद फक्त तबलजींना सांगा.)

पुढचं कडवं त्यालाच करू द्या. खारी आणखी कुठं लपवते? तो म्हणेल कुंडीमागे. मग "कुठे लपवली? कुंडीमागे, आबा फिरती मागे मागे". तो म्हणाला "पलंगाखाली" तर? म्हणून बघा, जीभ अडखळते. प-लं-गा-खा-ली, नऊ मात्रा झाल्या, एक जास्त. "खाटेखाली" करा, आठ होतात, बसतं. असं अडलं की अर्थ बदलायच्या आधी त्याच अर्थाचा दुसरा शब्द शोधा, मराठीत मिळतो. आणि नाहीच मिळाला तर राहू द्या पलंगाखाली, पोरं धावत म्हणून टाकतात, मी पण आता पूर्वीइतकी कडक राहिले नाही. शेवटचं कडवं मी असं ठेवलं असतं, "कुठे लपवली? सांगत नाही, खारी नुसती बघतच राही", म्हणजे गोष्ट संपत नाही आणि उद्या परत पहिल्यापासून म्हणता येतं. तीन कडवी बास. पाच वर्षांच्या मुलाला चौथं लागत नाही, त्याला तेच पहिलं चाळीस वेळा लागतं.

शब्दांचं एक. ओळीच्या शेवटी उघडा स्वर ठेवा, दे, ना, हो, या असं काहीतरी जे लांबवता येतं. "कान", "छान" वर तोंड बंद होतं आणि सूर पण बंद होतो. जोडाक्षरं कमी, र आणि ळ ची गर्दी नको. पण नावात र असेल आणि मूल ल म्हणत असेल तर दुरुस्त करायला जाऊ नका. र बऱ्याच मुलांना उशिरा येतो आणि आला की तो "खाली" कायमचा गेला, मग तो ऐकायला हेच रेकॉर्डिंग राहील.

आता तुमचा मूळ प्रश्न, विकत की एआय की स्वतः. नाव घालून मिळणारी जी तयार गाणी असतात त्यात एकच गाणं असतं आणि नावाची जागा फक्त बदलतात. इंग्रजीत ते एकवेळ खपून जातं. मराठीत पंचाईत अशी की प्राणी तो की ती यावर सगळं क्रियापद बदलतं, आला आली, पळतो पळते, आणि नावाला प्रत्यय लागला की नाव स्वतःच बदलतं. मोती असेल तर हाक मारताना मोत्या होतो, मनीची मने होते, ब्रूनोचं घरात दोन दिवसांत ब्रुन्या होतंच. मुलाच्या तोंडात ते ब्रुन्या असतं आणि गाण्यात छापील "ब्रूनो, ब्रूनो" येतं. मुलाला लगेच कळतं की हे आपलं नाही. माझ्याकडे एक बाबा असंच विकतचं गाणं घेऊन आले होते, त्यांची मांजर, आणि गाण्यात "तो" धावत होता. पोरगी गाणं चालू असताना दर वेळी ओरडून सांगायची, "ती!"

एआयचं मी वापरून बघितलंय, उगाच नावं ठेवत नाही. मागचं म्युझिक झकास देतात, दोन मिनिटांत. पण गाणाऱ्याचा ळ चा ल झाला, चमच्यातला च चहातल्या च सारखा आला, आणि "डावी"चं काहीतरी "दावी" झालं. शब्द जसे बोलले जातात तसे फोड करून लिहून दिले की थोडं सुधारतं. मला विचाराल तर त्याच्याकडून फक्त ठेका घ्या, शब्दाशिवाय, आणि वर तुम्ही गा. मुलाचा आवाज, पूर्ण नाव, शाळा असलं काही त्या ॲपांवर चढवू नका एवढं ऐका माझं. आणि सिनेमातल्या चालीवर शब्द बसवायचा मोह आवरा, घरात म्हणायला कोण विचारत नाही, पण तुम्ही उद्या व्हिडिओ टाकणार आणि त्यावर क्लेम येणार. आपल्याकडे गीतकार संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क चालतो. भोंडल्याच्या, ओवीच्या, वासुदेवाच्या पारंपरिक चाली पडल्यात की, त्या कुणाच्या बापाच्या नाहीत आणि पोरांच्या गळ्याला बसतात.

रेकॉर्डिंग फोनवरच करा. पंखा बंद, फ्रिज शेजारी नको, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा नाहीतर डोक्यावरून गोधडी घ्या, खोलीचा घुमारा एकदम जातो. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला, समोर धरला की प आणि ब ला फट्‌ फट्‌ आवाज येतो. तीनचार वेळा गाऊन बरं असेल ते ठेवा, कापाकापी करायची तर कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी फुकट आहे. नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस नोट करून पाठवलं की आवाज दाबला जातो.

आणि खारीला विसरू नका, गाणं तिच्यावर असलं तरी कान तिचे आहेत. आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. शिट्ट्या, पिपाण्या, मोठा स्पीकर तिच्या जवळ नको. मी एकदा फार शहाणपणा केला होता, गाण्यात खरंखुरं भुंकणं टाकलं, त्याच कुत्र्याचं रेकॉर्ड केलेलं. वाढदिवसाला गाणं लागलं आणि तो बिचारा अख्खा वेळ टेबलाखाली, सोफ्यामागे दुसरा कुत्रा शोधत भुंकत राहिला, गाणं कुणालाच ऐकू आलं नाही, केकचा एक कोपरा पण गेला. तेव्हापासून माझ्या गाण्यातलं भू भू माणसंच करतात.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत पण खाली कॉमेंटमध्ये बाकीच्यांनी विचारल्यात म्हणून सांगते. एक, पोपटावर गाणं. पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ताऱ्यांच्या नक्षीचं स्टार कासव पण तसंच. मला अशी ऑर्डर आली की मी आधी फोन करून हेच सांगते. गॅलरीच्या कठड्यावर येऊन डाळ खाऊन उडून जाणाऱ्या पोपटावर गाणं हवं असेल तर आनंदाने करून देते, आणि खरं सांगू का, ते जास्त चांगलं होतं, कारण त्यात "आज येईल का" ही एक धाकधूक असते.

दुसरं, गेलेल्या प्राण्यावरचं. याला वेळ लागतो आणि हे मी घाईत करत नाही. मागे एका सहा वर्षांच्या मुलीचा बोका गेला. आईने चार ओळी लिहून दिल्या होत्या त्यात "झोपलाय ढगात" असं होतं. ती ओळ मी काढायला लावली. मुलं शब्द धरून बसतात हो, झोपला तो उठलाच नाही असं सांगितलं की मग रात्री स्वतः झोपायला घाबरतात. "देवाघरी गेला" म्हटलं की परत कधी येणार हा प्रश्न येतो, कारण एवढ्या लहान वयात मरण म्हणजे न परतणं हे नीट बसलेलं नसतं. आम्ही गाण्यात "गेला, मेला" काहीच गोड करून सांगितलं नाही, आईने ते तिला आधी सरळ सांगून टाकलं होतं, आणि गाण्यात फक्त तो काय काय करायचा ते ठेवलं. खिडकीत बसायचा, दुधाची पिशवी फोडायची वाट बघायचा, माझ्या दप्तरावर झोपायचा. बसतो चं बसायचा, बघतो चं बघायचा, क्रियापदाच्या शेवटात सगळं आलं, दुसरं काही सांगावं लागलं नाही. मुलीने गाताना दप्तराच्या ओळीला मात्र "झोपतो" म्हटलं. आईने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, ते तसंच रेकॉर्ड झालं.

तुमच्याकडे परत येते. तीन आठवडे भरपूर आहेत. पहिला आठवडा काही करू नका, फक्त तो खारीच्या मागे पळताना काय काय ओरडतो ते फोनवर पकडा, कदाचित माझ्या वरच्या ओळींपेक्षा भारी काहीतरी मिळेल आणि मग माझं फेकून द्या. दुसऱ्या आठवड्यात त्याला बरोबर घेऊन कडवी करा, सरप्राइजच्या नादात त्याला बाजूला ठेवू नका, वाढदिवसाला अचानक कानावर पडलेलं गाणं मूल ऐकतं, पण स्वतः केलेलं असेल तर ते गातं. तिसऱ्यात रेकॉर्डिंग.

आणि ओळीच्या शेवटी तो आठवा ठोका मोकळा आहे म्हटलं ना, तिथं आबांना बसवा. "खारी खारी चप्पल दे" झालं की आबांनी एका पायावर उभं राहून, खास वैतागलेल्या आवाजात, "अगं!" म्हणायचं. रोज म्हणतातच की. मोजलं तर तीन मात्रांचं आहे, पण वैतागून पटकन म्हटलं की त्या दोन मात्रांच्या जागेत बसतं, म्हणून बघितलं मी.